एप्सन एफएक्स-८० ची तपासणी : वीज लावण्याआधी काय पाहावे आणि छापलेल्या कागदावरून काय ओळखावे

धागाकर्ता, गंगापूर रोड, नाशिक

नमस्कार मंडळी. कॉलेज रोडवरील एका परिचित कुटुंबाने जुने घर रिकामे करताना माळ्यावरचा बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश बनावटीचा घरगुती संगणक आणि त्याच्यासोबतचा एप्सन एफएक्स-८० हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माझ्या हवाली केला आहे. दोन्ही वस्तू १९८० च्या दशकात इंग्लंडहून आल्या होत्या आणि पुढे बराच काळ कापडात गुंडाळून पडून होत्या. संगणकाविषयी स्वतंत्र धागा काढीन. येथे फक्त प्रिंटरची चर्चा करू. असे यंत्र हाती आले की वायर लावून बटण दाबावे असे कोणालाही वाटते. ती घाई करू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. चाळीस वर्षांचे यंत्र बंद अवस्थेतही स्वतःविषयी बरेच काही सांगत असते, आणि त्यातील काही गोष्टी वीज लावल्यावर कायमच्या पुसल्या जाऊ शकतात.

यंत्राची थोडी ओळख करून देतो. एफएक्स-८० हा १९८३ च्या सुमारास बाजारात आलेला, नऊ पिनांचा, ऐंशी स्तंभांचा प्रिंटर आहे. त्याच्याआधीचा एमएक्स-८० हा १९८० मध्ये आला आणि त्यानेच घरगुती संगणक वापरणाऱ्यांमध्ये एप्सनचे नाव पोहोचवले. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसोबत स्वतःच्या नावाने जो प्रिंटर विकला, तोही मुळात एमएक्स-८० च होता. एमएक्स-८० सेकंदाला ८० अक्षरे छापत असे, एफएक्स-८० ने तो वेग १६० वर नेला. रचना मात्र तीच राहिली. छापणाऱ्या भागात, म्हणजे हेडमध्ये, नऊ बारीक तारा (याच पिना) एका उभ्या रांगेत बसवलेल्या असतात आणि शेजारच्या दोन तारांमधील अंतर १/७२ इंच असते. प्रत्येक तारेमागे तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे कॉइलचा, एक विद्युतचुंबक असतो. तो तारेला शाईच्या रिबनवर हाणतो, रिबनमागच्या कागदावर एक ठिपका उमटतो आणि स्प्रिंग तारेला लगेच मागे घेते. हेड आडवे सरकत असताना कोणत्या क्षणी कोणती तार पुढे येते, यावरून अक्षर घडते.

ही रचना नीट समजून घेण्याचे कारण असे की, या प्रिंटरचा जवळजवळ प्रत्येक दोष कागदावर दिशेने ओळखता येतो. अक्षरांच्या एकाच उंचीवर ओळभर आडवी उणीव दिसत असेल तर दोष पिनेचा, तिच्या कॉइलचा किंवा ती चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा असतो. ओळ कोणतीही असली तरी कागदाच्या ठरावीक उभ्या पट्ट्यातच छपाई बिघडत असेल तर हेडची लवचीक केबल किंवा हेड ज्यावर सरकते तो शाफ्ट तपासावा लागतो. ओळींमधील अंतर कमीजास्त होत असेल तर कागद ओढणारी यंत्रणा जबाबदार असते. अक्षरे स्वच्छ, पण चुकीची येत असतील तर प्रिंटरचा यांत्रिक भाग ठीक आहे आणि गडबड केबलमध्ये किंवा जोडणीत आहे, असे समजावे.

आता बंद अवस्थेतील तपासणीकडे वळतो. सर्वप्रथम मागच्या बाजूची पाटी वाचावी. अमेरिकेतून आलेले प्रिंटर १२० व्होल्टचे असतात आणि ते आपल्याकडील २३० व्होल्टला थेट जोडले तर पुढची तपासणी करण्याची वेळच येत नाही. माझ्याकडचे यंत्र इंग्लंडचे, २४० व्होल्टचे आहे, त्यामुळे ती अडचण नाही. त्यानंतर रिबनची कॅसेट काढून ठेवली, कारण वाळलेल्या शाईची रिबन पिनांना अडवते आणि कॅसेटचे दातेरी चाक अडकलेले असेल तर हेड सरकवणाऱ्या मोटरवरही ताण येतो. मग हेड हाताने हळूहळू डावीकडून उजवीकडे पूर्ण लांबीभर सरकवून पाहिले. मधोमध ते सहज सरकते, पण उजव्या टोकाला जड होते. तेथे जुने वंगण धुळीत मिसळून तपकिरी थर झालेला दिसतो. कागदाचा रोलर मात्र वीज बंद असतानाच हाताने फिरवावा, ही सूचना एप्सनच्या पुस्तिकेतही आहे. चालू यंत्राचा रोलर फिरवल्यास त्याच्या मोटरला आणि गिअरला इजा होऊ शकते.

यानंतरचे काम बहुतेक लोक वगळतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. एफएक्स-८० मध्ये छोट्या खटक्यांच्या दोन पट्ट्या असतात, ज्यांना आपण डिप स्विच म्हणतो. कोणत्या देशाचा अक्षरसंच वापरायचा, शून्याला तिरकी रेघ द्यायची की नाही, ओळ संपल्यावर प्रिंटरने कागद स्वतःहून पुढे घ्यायचा की संगणकाच्या आज्ञेची वाट पाहायची, अशा गोष्टी त्यांवर ठरतात. कोणताही खटका हलवण्याआधी त्यांचे स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. या यंत्रात इंग्लंडचा अक्षरसंच निवडलेला आहे आणि कागद आपोआप पुढे घेण्याची सोय चालू आहे. हे खटके शेवटच्या मालकाच्या हातचे आहेत आणि त्याच्याकडे कोणता संगणक होता, तो काय छापत असे, याची तीच एकमेव लेखी नोंद असू शकते.

अद्याप वीज लावलेली नाही. ज्यांनी अशी यंत्रे प्रत्यक्ष दुरुस्त केली आहेत त्यांनी पुढची पायरी सुचवावी, ही विनंती.

प्रतिसाद, नाशिक रोड

धागा वाचून फार बरे वाटले. मी अनेक वर्षे कार्यालयांमधील प्रिंटर दुरुस्तीचे काम केले. बहुतेक काम विप्रोच्या एलएक्स-८०० वर आणि टीव्हीएसच्या एमएसपी मालिकेवर झाले असले तरी नऊ पिनांच्या हेडचे दुखणे सगळीकडे सारखेच असते. वीज लावण्याआधी दोन गोष्टी मल्टिमीटरने अवश्य मोजा.

पहिली गोष्ट हेडच्या कॉइल. हेडची चपटी केबल बोर्डावरून अलगद काढा आणि सामाईक टोक व प्रत्येक पिनेचे टोक यांमधील रोध एकामागून एक मोजा. आकडा किती यावा याची काळजी करू नका. नऊही आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत, एवढेच पाहायचे असते. एखाद्या ठिकाणी मीटरने काहीच दाखवले नाही तर ती कॉइल तुटलेली आहे किंवा केबलमधली वाट तुटलेली आहे. कोणते ते ठरवण्यासाठी मीटर लावलेले असतानाच केबल हळूहळू वाकवून पाहा. हेडबरोबर सतत ये-जा करून ही केबल एकाच ठिकाणी दुमडली जाते आणि आतली वाट तडकते. अशा वेळी हेड डावीकडे असताना पिन चालते आणि उजवीकडे गेले की बंद पडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बोर्डावरचे पिना चालवणारे ट्रान्झिस्टर तपासा. ट्रान्झिस्टर उघडा झाला तर एक पिन छापत नाही, एवढेच नुकसान होते. पण तो शॉर्ट झाला असेल तर वीज लावताच त्या पिनेची कॉइल अखंड चालू राहते, पिन बाहेर येऊन तशीच थांबते, हेड सरकले की ती रिबन फाडते आणि थोड्याच वेळात कॉइल जळते. एक ट्रान्झिस्टर आजही काही रुपयांत मिळतो; मूळ हेड मिळवण्यासाठी मात्र वणवण करावी लागते. नऊही ट्रान्झिस्टरांची मापे एकमेकांशी ताडून पाहिली की वेगळा पडणारा लगेच कळतो.

एवढे झाले की फ्यूज पाहा आणि मगच वीज लावा. पहिल्या वेळी कागद आणि रिबन लावू नका. हेड डाव्या टोकाला जाऊन थांबले, विचित्र वास आला नाही आणि हेडवर बोट ठेवल्यावर ते गार लागले, तर पहिला अडथळा पार झाला असे समजा.

प्रतिसाद, सिडको

हेड जड सरकत असेल तर गंज काढण्याचा स्प्रे मारून मोकळे करता येईल का? आमच्याकडे शिलाई मशीनचे तेलही आहे. पिना अडकल्या असतील तर त्यांनाही तेच तेल लावले तर चालेल का?

प्रतिसाद, नाशिक रोड

शाफ्टला शिलाई मशीनचे तेल चालते, पण ते शेवटी लावायचे असते. आधी सुती कापडावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन जुना थर पूर्ण पुसून काढा आणि मग स्वच्छ कापडावर तेलाचा थेंब घेऊन शाफ्टवरून फिरवा. स्प्रे मारू नका. त्याचे तुषार रोलरवर, दातेरी पट्ट्यावर आणि हेड डाव्या टोकाला आले की नाही हे ओळखणाऱ्या सेन्सरवर जातात. तेलकट रोलरवरून कागद घसरतो आणि ते तेल रबरातून पूर्णपणे निघत नाही.

पिनांना मात्र तेल मुळीच लावू नका. रिबनच्या शाईतच पिनांना पुरेल एवढे वंगण असते. बाहेरून लावलेले तेल कागदाची धूळ धरून ठेवते आणि पिनांच्या वाटेत तिचा लगदा होतो. हेड काढून त्याचे तोंड खाली करून, म्हणजे पिनांची टोके खाली येतील अशा प्रकारे, अल्कोहोलने भिजवलेल्या, घडी घातलेल्या सुती कापडावर ठेवा. कापडावर काळे डाग पडत राहतील. ते पडायचे थांबेपर्यंत कापडाची बाजू बदलत राहा. शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल एम. जी. रोडवर मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्यांकडे सहज मिळते. थिनर वापरू नका, प्लॅस्टिक विरघळते.

धागाकर्ता

नाशिक रोडकरांचे मनःपूर्वक आभार. नऊही कॉइलची मापे एकमेकांच्या जवळ आली आणि ट्रान्झिस्टरांमध्ये वेगळा पडणारा आढळला नाही. शाफ्ट पुसून, तेलाचा हात फिरवून वीज लावली; हेड डाव्या टोकाला जाऊन व्यवस्थित थांबले. त्यानंतर नवी रिबन आणि कागद लावून स्वयंचाचणी घेतली. एलएफ हे कागद एक ओळ पुढे घेण्याचे बटण दाबून धरून वीज चालू केली की एफएक्स-८० संगणकाशिवाय स्वतःच्या स्मृतीतील अक्षरे ओळीमागून ओळी छापत राहतो. या चाचणीचा मोठा गुण असा की, तीत केबल आणि संगणक यांचा काहीच संबंध नसतो. जे चुकते ते प्रिंटरचेच असते.

निकाल असा आहे. ओळी सरळ आणि समान अंतरावर आहेत, पण रोमन मोठ्या एच अक्षराची मधली आडवी दांडी उमटत नाही, त्यामुळे दोन उभ्या रेघा शेजारी उभ्या दिसतात. ई चा मधला हातही नाही. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे वजाबाकीचे चिन्ह कागदावर मुळीच येत नाही. त्याच्या जागी कोरी जागा सुटते. ज्या काळात हिशेबाचे ताळेबंद अशाच यंत्रांवर निघत, त्या काळात ही एक पिन बंद पडणे किती महागात पडले असेल याची कल्पना करून पाहावी. इतर सगळी अक्षरे वाचता येतात, कागद ठीकठाक दिसतो आणि उणे रक्कम अधिक होऊन बसते.

या खुणांवरून चौथ्या पिनेचा संशय आला. खात्रीसाठी समांतर पोर्ट (अनेक तारांवरून एकदम संकेत पाठवणारी प्रिंटरची जोडणी) असलेल्या एका जुन्या संगणकावरून बिंदुचित्राची आज्ञा पाठवली. २७ आणि ७५ हे दोन अंक, त्यानंतर किती स्तंभ पाठवणार त्याची संख्या, आणि मग प्रत्येक स्तंभासाठी एक अंक, असा तिचा क्रम असतो. सर्वांत वरच्या पिनेची किंमत १२८, तिच्या खालचीची ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि आठवीची १. म्हणून १२८ पासून १ पर्यंतचे अंक क्रमाने पुन्हापुन्हा पाठवले की कागदावर तिरक्या रेघांची रांग उमटते आणि बंद असलेल्या पिनेच्या जागी प्रत्येक रेघेत खंड दिसतो. खंड बरोबर १६ च्या जागी आला. नववी पिन या चित्रात येतच नाही, कारण ही आज्ञा वरच्या आठच पिना चालवते. तिच्यासाठी अधोरेखित मजकूर छापून पाहिला आणि रेघ अखंड आली.

कॉइल आणि ट्रान्झिस्टर दोन्ही ठीक असताना पिन चालत नाही, याचा अर्थ ती वाळलेल्या शाईत अडकलेली असावी. त्यामुळे हेड काढून सांगितल्याप्रमाणे कापडावर ठेवले आहे.

प्रतिसाद, पंचवटी

डिप स्विचविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याला पुस्ती जोडतो. कागद आपोआप पुढे घेण्याची सोय चालू असणे हे बीबीसी मायक्रोच्या सोबतीशी नेमके जुळते. तो संगणक सुरू केल्यापासून, वेगळी सूचना मिळेपर्यंत, दहा हा अंक, म्हणजेच ओळ पुढे घेण्याची आज्ञा, प्रिंटरकडे जाऊ देत नाही. तशी व्यवस्था त्याच्या मूळ प्रणालीतच आहे. त्यामुळे प्रिंटरने स्वतः कागद सरकवला नाही तर संपूर्ण पान एकाच ओळीवर छापले जाऊन काळी पट्टी होते. यावर दोन उपाय होते : संगणकावर *FX 6,0 (स्टार एफएक्स ६,०) ही आज्ञा देणे किंवा प्रिंटरचा खटका चालू ठेवणे. तुमच्या यंत्राच्या मालकाने दुसरा मार्ग निवडलेला दिसतो. तुम्ही आता चाचणीसाठी जो संगणक वापरत आहात तो बहुधा ओळ संपल्याची आणि ओळ पुढे घेण्याची अशा दोन्ही आज्ञा पाठवत असेल, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी सुटत असेल. तसे दिसले तर तो दोष समजू नका. काही केबलमध्ये चौदाव्या क्रमांकाची तार जमिनीला जोडलेली असते, तिच्यामुळेही नेमका हाच परिणाम होतो, म्हणून खटका बदलण्याआधी केबल पाहा.

हा संगणक आपल्याकडे अनोळखी नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या क्लास या केंद्र सरकारच्या प्रकल्पात बीबीसी मायक्रोच निवडला गेला होता. घरगुती संगणकांमध्ये त्याचे वेगळेपण असे की, प्रिंटरसाठी समांतर पोर्ट त्याच्या तळाशी मुळातच दिलेला होता. स्पेक्ट्रम या त्या काळच्या दुसऱ्या घरगुती संगणकाला ती सोय नव्हती, तेथे वेगळा इंटरफेस विकत घ्यावा लागे. कमोडोर ६४ या संगणकाची मालिका जोडणी (एकामागून एक संकेत पाठवणारी) तर निराळीच होती आणि तिला कमोडोरचेच प्रिंटर सरळ जुळत.

धागाकर्ता

अगदी बरोबर. माझ्या चाचणीत प्रत्येक ओळीनंतर एक ओळ रिकामी सुटत होती आणि हॅशच्या जागी पौंडाचे चिन्ह येत होते. दोन्ही गोष्टी खटक्यांच्या आहेत, बिघाडाच्या नाहीत. खटके तसेच ठेवून चाचणीचा मजकूर बदलून घेतला आहे.

जोडणीची तपासणीही उरकली. एलएफ आणि एफएफ (पान पुढे घेण्याचे) ही दोन्ही बटणे एकदम दाबून वीज लावली की हा प्रिंटर आलेला प्रत्येक अंक षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत छापतो. केबलविषयी शंका असेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. समजा सर्वांत लहान किमतीची डेटा तार तुटलेली आहे. तशा मोकळ्या तारेवर प्रिंटर साधारणतः एक असाच संकेत वाचतो, त्यामुळे ए, बी, सी, डी पाठवल्यावर ए, सी, सी, ई असे छापले जाते. अक्षरे सुबक, पण जोडीजोडीने बदललेली, हे तुटलेल्या डेटा तारेचे लक्षण आहे. माझ्या केबलमध्ये असे काही आढळले नाही.

प्रतिसाद, मूळचा नाशिकचा, सध्या पुणे

तुमच्या चाचण्यांमध्ये देवनागरीची एक चाचणी जरूर घाला. हे भाषेच्या प्रेमापोटी सांगत नाही. नऊ पिनांच्या यंत्राचा कस देवनागरीइतका दुसऱ्या कशाने लागत नाही.

एफएक्स-८० च्या स्मृतीत आपली लिपी नाही. स्वतःची अक्षरे घडवून प्रिंटरमध्ये उतरवण्याची सोय आहे, पण त्या अक्षराला उंचीला आठ ठिपके आणि रुंदीला अकरा स्तंभ मिळतात, शिवाय एकच पिन लागोपाठच्या दोन स्तंभांत चालवता येत नाही. वर वेलांटी, मध्ये अक्षर आणि खाली उकार हे आठ ठिपक्यांत मावणार कसे? म्हणून अशा यंत्रावर देवनागरी चित्र म्हणूनच छापली गेली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे (संगणकात बसवायच्या जोडपट्टीमुळे) भारतीय लिप्या सर्वसाधारण संगणकांवर रुळल्या. नऊ पिनांवर सुवाच्य अक्षर हवे असेल तर एक ओळ दोन किंवा तीन पट्ट्यांत छापावी लागते, आणि पट्टी संपल्यावर कागद बरोबर ८/७२ इंच सरकला तरच वरची आणि खालची पट्टी एकमेकींना भिडते. त्यासाठी २७, ६५, ८ ही आज्ञा आहे. कागद किंचितही घसरला तर क च्या उभ्या दांडीत पांढरी फट दिसते. रोमन मजकुरात हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो, कारण तेथे दोन ओळींमध्ये मोकळी जागा असतेच.

दुसरी चाचणी शिरोरेषेची. ओळभर शिरोरेषा म्हणजे एकाच पिनेने सलग शेकडो ठोके देणे. आठ इंचांच्या ओळीत साध्या घनतेला ४८० आणि दुप्पट घनतेला ९६० ठिपके येतात. पिनेची स्प्रिंग शिथिल झाली असेल किंवा टोक झिजले असेल तर रेघेत लगेच फिकटपणा दिसतो. आठही पिनांची एकेक रेघ स्वतंत्रपणे छापा आणि भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहा. दुप्पट घनतेसाठी २७, ७६ हीच आज्ञा वापरा. २७, ८९ ही जलद दुप्पट घनतेची आज्ञा लागोपाठचे ठिपके गाळते, त्यामुळे निरोगी प्रिंटरवरही शिरोरेषा विरळ येते आणि उगाच हेडवर आळ येतो. चाचण्या थोडक्यात आवरा आणि मध्ये विश्रांती द्या, कारण सलग ठोक्यांनी हेड चांगलेच तापते.

प्रतिसाद, आडगाव नाका

आमचे ट्रान्सपोर्टचे कार्यालय आहे आणि बिल्टी आजही डॉट मॅट्रिक्सवरच निघते, कारण एका ठोक्यात कार्बनच्या सगळ्या प्रती उमटतात. लेझर किंवा इंकजेटला ते जमत नाही. त्यामुळे साहित्याविषयी खात्रीने सांगू शकतो. एप्सनच्याच एलएक्स-३०० या प्रिंटरसाठी मिळणारी रिबन कॅसेट एफएक्स-८० मध्येही बसते, म्हणून रिबनची चिंता नको.

कागदाविषयी मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एफएक्स-८० च्या मूळ रचनेत कागदाच्या छिद्रांत जाणाऱ्या पिना रोलरच्या दोन्ही टोकांना पक्क्या बसवलेल्या असतात, त्या सरकवता येत नाहीत. कागद घेण्याआधी डावीकडच्या आणि उजवीकडच्या छिद्रांमधील अंतर मोजून घ्या. दुसरी गोष्ट लांबीची आहे. हा प्रिंटर मुळात ६६ ओळींचे, म्हणजे ११ इंचांचे पान गृहीत धरतो, आणि आपल्याकडे १२ इंचांचा कागद सर्रास चालतो. लांबी सांगितली नाही तर प्रत्येक पानाला छपाई एक इंच वर सरकत जाते आणि काही पानांनी मजकूर दुमडीच्या रेषेवर येतो. २७, ६७, ७२ ही आज्ञा सुरुवातीला दिली की पान ७२ ओळींचे धरले जाते. पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागद ओलसर होऊन फुगतो आणि छिद्रे फाटतात. गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा.

धागाकर्ता

चौथी पिन चालू झाली. कापडावरील डाग थांबल्यानंतर हेड पूर्ण वाळवून बसवले. स्वयंचाचणीच्या पहिल्या काही ओळींत एच ची दांडी तुटक होती, खालच्या ओळींत ती भरत गेली आणि पानाच्या तळाशी वजाबाकीचे चिन्ह स्पष्ट उमटू लागले. तो कागद तारखेसह जपून ठेवला आहे, कारण पिन मोकळी होत जाण्याचा क्रम एकाच पानावर इतका स्वच्छ दिसतो की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

त्यानंतर पुणेकरांनी सुचवलेल्या दोन्ही चाचण्या घेतल्या. शिरोरेषांच्या आठ रेघांपैकी सात एकसारख्या गडद आहेत. चौथी किंचित फिकट आहे. भिंगाखाली तिचे ठिपके इतरांइतकेच गोल, पण कमी शाईचे दिसतात. टोक तुटलेले किंवा एका बाजूने झिजलेले असते तर ठिपक्याचा आकार बदलला असता. त्यामुळे पिनेचा पल्ला अजून थोडा अपुरा असावा असे माझे मत आहे, आणि हेड बदलण्याचे कारण मला दिसत नाही. आणखी एकदा सफाई केल्यावर पुन्हा तुलना करीन.

पट्ट्या जुळण्याच्या चाचणीने अनपेक्षित, पण मोलाची माहिती दिली. सुटा कागद रोलरच्या दाबावर चालवून 'कुसुम' हा शब्द तीन पट्ट्यांत छापला, तेव्हा क च्या दांडीत दोन ठिकाणी केसाएवढी पांढरी फट आली. तोच शब्द छिद्रांच्या सलग कागदावर छापला, तेव्हा दांडी अखंड आली. कागद सरकवणारी मोटर आणि गिअर दोन्ही वेळी तेच होते. याचा अर्थ मोटर आणि गिअर बिनचूक आहेत आणि दोष टणक, गुळगुळीत झालेल्या रोलरच्या रबराचा आहे. छिद्रांत पिना असल्या की तो लपतो, नुसत्या दाबावर उघडा पडतो. रबरावर अल्कोहोलचा जास्त मारा केल्यास ते आणखी टणक होण्याची शक्यता असल्याने तूर्त ओलसर कापडाने पुसण्यापलीकडे काही करणार नाही आणि यंत्र सलग कागदावरच चालवीन. पिवळ्या पडलेल्या आवरणालाही हात लावणार नाही. पेरॉक्साइडने ते उजळते, पण त्यात यंत्राच्या कार्याची काहीच सुधारणा नाही.

डिप स्विच मूळ स्थितीतच आहेत. हा प्रिंटर आता त्याच्या मूळ जोडीदाराला जोडायचा आहे, पण बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील फिल्टरचे जुने कपॅसिटर तडकून धूर सोडतात, हे त्या संगणकाच्या जाणकारांत सर्वश्रुत आहे. मी झाकण उघडून पाहिले तेव्हा त्यांच्या पारदर्शक आवरणावर बारीक चिरा दिसल्या. ते बदलल्यावरच संगणकाला वीज लावीन. सिडकोकर किंवा नाशिक रोडकर यांपैकी कोणाकडे २७५ व्होल्ट एसीच्या, एक्स-२ वर्गाच्या कपॅसिटरचा खात्रीचा पुरवठा असेल तर कळवावे. साध्या वर्गाचे कपॅसिटर तेथे वापरू नयेत, कारण ते थेट मेन्सच्या दोन तारांमध्ये बसतात.

प्रतिसाद, नाशिक रोड

एक्स-२ माझ्याकडे आहेत. मूळ कपॅसिटरवरचे दोन्ही आकडे आणि पायांमधील अंतर मोजून कळवा, म्हणजे बोर्डात बरोबर बसणारेच देता येतील. चौथ्या पिनेसाठी हेडच्या अंतराचा खटका एक घर पुढे घेऊन शिरोरेषा पुन्हा छापून पाहा. आठही रेघा सारख्या गडद झाल्या तर पिनेचा पल्ला कमी पडत आहे हे तुमचे मत बरोबर ठरेल. फक्त चौथीच फिकट राहिली तर मात्र तिची स्प्रिंग तपासावी लागेल.